भौतिकशास्त्राच्या पेपरनंतर उत्तरे कशी ताडून पाहावीत

भौतिकशास्त्राचा पेपर सुटल्यावर परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उत्तरांची जी तुलना होते, ती बहुधा शेवटच्या आकड्यांची असते. कोणाचे दहा आले, कोणाचे बारा, आणि ज्या आकड्याच्या बाजूला जास्त डोकी तो बरोबर. या विषयात ही पद्धत विशेष फसवी आहे, कारण येथे दोन वेगळे दिसणारे आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात आणि चौघांचा सारखा आलेला आकडा चौघांचाही चुकलेला असू शकतो. तुलना करायचीच असेल, तर ती रीतीची आणि गृहीतकांची करावी आणि आकड्याकडे सर्वांत शेवटी यावे. इंदूरमध्ये अकरावी-बारावीत शिकणाऱ्या, सीबीएसई किंवा मध्य प्रदेश मंडळाची परीक्षा देणाऱ्या आणि त्याबरोबर भंवरकुआं किंवा गीता भवन भागात जेईई-नीटचा (अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशपरीक्षांचा) क्लास लावलेल्या आपल्या घरांतील मुलामुलींसाठी ही रीत येथे क्रमाने मांडली आहे.

केव्हा बसावे आणि केव्हा बसू नये

सीबीएसईचा पेपर दुपारी दीड वाजता सुटतो. त्या वेळी पोटात भूक असते, डोके थकलेले असते आणि आजूबाजूला शंभर जण एकदम बोलत असतात. अशा स्थितीत झालेल्या चर्चेतून खात्रीचे काही हाती लागत नाही. पुढचा पेपर दोन-चार दिवसांवर असेल, तर बोर्डाच्या भौतिकशास्त्राची उत्तरे त्या दिवशी ताडून पाहू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लिहिलेली उत्तरपत्रिका बदलत नाही आणि रसायनशास्त्राचा एक अख्खा दिवस हातचा जातो.

पूर्व-बोर्ड, सहामाही आणि क्लासच्या चाचण्या यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांच्या उत्तरपत्रिका परत मिळतात आणि सुधारणेला वेळही असतो, त्यामुळे तुलनेचे खरे पीक तेथेच येते. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते. जानेवारीच्या पेपरची काळजीपूर्वक केलेली तपासणी एप्रिलला थेट उपयोगी पडते, म्हणून ती टाळू नये. सगळे बोर्डाचे पेपर संपल्यावर एखाद्या रविवारी सकाळी, रामबागेत किंवा लोकमान्यनगरात कोणाच्या तरी घरी, काकूंनी केलेल्या पोह्यांनंतर दोन तास बसणे ही सर्वांत चांगली वेळ होय. चार किंवा पाच जण पुरेत. त्याहून जास्त झाले की बैठकीची मैफल होते.

कोणाशीही बोलण्याआधी लिहून काढा

घरी आल्यावर, जेवण झाल्यावर आणि मित्रांचा ग्रुप उघडण्यापूर्वी प्रश्नपत्रिका समोर ठेवून एका कोऱ्या कागदावर आपण दिलेली उत्तरे लिहून काढावीत. प्रत्येक प्रश्नासमोर कोणते सूत्र वापरले, कोणत्या किमती घातल्या, शेवटी काय आले आणि एकक लिहिले होते की नाही, अशा चार गोष्टी पुरेशा आहेत. त्याशेजारी खात्रीची खूण करावी: पूर्ण खात्री, अर्धी खात्री किंवा निव्वळ अंदाज. जे आठवत नाही तेथे ‘आठवत नाही’ असे लिहावे.

हा क्रम काटेकोरपणे पाळावा, कारण मैत्रिणीचे उत्तर एकदा कानावर पडले की आपणही तेच लिहिले होते असे मनाला वाटू लागते. विशेषतः ज्या ठिकाणी आपण दोन पर्यायांमध्ये घुटमळलो होतो, तेथे स्मरण सोयीच्या बाजूला झुकते. मग होणारी तुलना आपल्या उत्तरपत्रिकेशी न होता आपल्या इच्छेशी होते.

कोणत्या परीक्षेनंतर हातात काय उरते, हेही लक्षात घ्यावे. बोर्डाची प्रश्नपत्रिका घरी येते, पण कच्चे काम उत्तरपत्रिकेतच राहते. नीटमध्ये ओएमआर उत्तरपत्रिका जमा होते आणि प्रश्नपुस्तिका घरी नेता येते, त्यामुळे कच्चे काम जसेच्या तसे हाती असते. जेईई मेनमध्ये कच्च्या कामाचे कागद केंद्रावरच द्यावे लागतात, परंतु काही दिवसांनी संकेतस्थळावर आपली उत्तरनोंद (रिस्पॉन्स शीट) प्रसिद्ध होते. ती येईपर्यंत जेईईच्या तुलनेला पक्का आधार नसतो.

आधी प्रश्न एकच आहे का, ते पाहा

अर्ध्याअधिक वाद येथेच मिटतात. सीबीएसईच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर ५५/१/१, ५५/१/२ असे संकेतांक असतात. या संचांमध्ये प्रश्नांचा क्रम वेगळा असतो आणि काही प्रश्नच निराळे असतात. त्यामुळे ‘सातव्याचं उत्तर ब’ या वाक्याला काहीही अर्थ नाही. नीटच्या पुस्तिकांनाही वेगवेगळे संकेत असतात. जेईई मेनमध्ये तर सकाळच्या आणि दुपारच्या पाळीचे पेपरच वेगळे, आणि एकाच पाळीतही प्रत्येकाच्या पडद्यावर प्रश्नांचा क्रम निराळा. म्हणून एकाने प्रश्न मोठ्याने संपूर्ण वाचावा, इतरांनी आपल्या प्रतीतील शब्द आणि आकडे त्याच्याशी जुळतात का ते पाहावे आणि मगच पुढे जावे.

वाचन संपूर्ण हवे. ‘अंतर’ विचारले आहे की ‘विस्थापन’, एवढ्या एका शब्दावर अर्धवर्तुळाकार मार्गाचे उत्तर त्रिज्येच्या π पट होते किंवा दुप्पट होते. हिंदी माध्यमाच्या मुलांनी नीटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अनुवादात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. वाद असलेला प्रश्न दोन्ही भाषांत वाचून पाहावा.

यानंतर सर्वांनी आपापले कागद एकदम टेबलावर ठेवावेत. ज्या प्रश्नांवर सर्वांची उत्तरे आणि रीती जुळतात, ते प्रश्न खूण करून बाजूला सारावेत. ज्यांची उत्तरे जुळतात पण रीती वेगळ्या आहेत, त्यांच्यावर क्षणभर थांबावे, आणि उरलेला सगळा वेळ मतभेदाच्या प्रश्नांना द्यावा. एका प्रश्नाला दहा मिनिटे पुष्कळ झाली. तेवढ्यात निकाल लागला नाही, तर तो शिक्षकांना विचारण्याच्या यादीत जावा.

वेगळी दिसणारी पण एकच असलेली उत्तरे

भांडण सुरू करण्याआधी दोन उत्तरे खरोखर वेगळी आहेत का, हे तपासावे. गुरुत्वीय त्वरण ९.८ धरले तर दोन सेकंदांत वस्तू १९.६ मीटर खाली येते, १० धरले तर २० मीटर. प्रश्नात किंमत दिली नसेल तर या दोघांपैकी कोणीही चुकलेले नाही. दिली असेल, तर दिलेली किंमत न वापरणारा चुकला. प्लँकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा प्रभार अशा किमती सीबीएसईच्या प्रश्नपत्रिकेत सूचनांमध्येच छापलेल्या असतात आणि तेथे कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून मधल्या पायरीवर केलेल्या पूर्णांकनामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळी फरक पडणारच. वर्गमूळ दोन कोणी १.४१ घेतले आणि कोणी १.४१४, तर त्यावरून झोप उडवून घेऊ नये.

एककांचे घोळ अधिक मजेदार असतात. समजा, २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट कार्यफलन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) असलेल्या धातूवर ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडतो आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा विचारली आहे. फोटॉनची ऊर्जा १२४० (प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, याच एककांत) भागिले ४००, म्हणजे ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यातून २ वजा केले की १.१ उरतात. एकाने १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लिहिले, दुसऱ्याने १.७६ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात इतके ज्यूल लिहिले. दोघेही बरोबर आहेत. तिसऱ्याने १.१ व्होल्ट लिहिले, आणि त्याचा आकडा पहिल्याशी जुळत असला तरी ते निरोधी विभवाचे, म्हणजे इलेक्ट्रॉन थांबवणाऱ्या विभवाचे, उत्तर आहे, जे विचारलेलेच नव्हते. फाटकावरच्या तुलनेत पहिला आणि तिसरा टाळी देतात आणि दुसरा रडवेला होऊन घरी जातो.

चिन्हांचेही तसेच आहे. १५ सेंटीमीटर नाभीय अंतराच्या अंतर्वक्र आरशासमोर २० सेंटीमीटरवर वस्तू ठेवली, तर प्रतिमेचे अंतर कार्टेशियन संकेतानुसार उणे ६० आणि विशालन उणे ३ येते. ‘आरशासमोर ६० सेंटीमीटरवर, वास्तव, उलटी, तिप्पट मोठी’ असे शब्दांत लिहिणारी मुलगी आणि ‘उणे ६०’ लिहिणारा मुलगा एकच गोष्ट सांगत आहेत. ‘अधिक ६०’ लिहून प्रतिमा आभासी म्हणणारा मात्र चुकला. ऊष्मागतिकीत गोंधळ आणखी वाढतो, कारण भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वायूने केलेले कार्य धन मानतात आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात वायूवर केलेले कार्य धन मानतात. वायूला ५०० ज्यूल उष्णता दिली आणि त्याने २०० ज्यूल कार्य केले, तर आंतरिक ऊर्जा दोन्ही पद्धतींत ३०० ज्यूलनीच वाढते. ७०० म्हणणाऱ्याने एका विषयाचे सूत्र घेऊन त्यात दुसऱ्या विषयाचे चिन्ह घातले आहे.

अक्षरांत आलेल्या उत्तरांसाठी सोपा उपाय असा की, दोन्ही सूत्रांत एखादी सोयीची किंमत घालून पाहावी. दोन्ही एकच आकडा देत असतील तर ती बहुधा एकाच सूत्राची दोन रूपे असतात. दुसरी एखादी किंमत घालून खात्री करून घ्यावी.

खरा मतभेद कसा सोडवावा

एक उदाहरण पूर्ण पाहू. १२ व्होल्ट ईएमएफ (विद्युतगामक बल) आणि १ ओहम अंतर्गत रोध असलेला सेल ५ ओहमच्या रोधाला जोडला आहे. सेलच्या टोकांमधील विभवांतर किती? तिघांची उत्तरे १२, १० आणि १४ अशी आहेत. प्रत्येकाने आपली रीत मोठ्याने सांगावी आणि इतरांनी मध्ये बोलू नये. १२ म्हणणाऱ्याने अंतर्गत रोध विचारातच घेतला नाही. उरलेल्या दोघांनी एकूण ६ ओहम धरून प्रवाह २ अँपिअर काढला. एकाने १२ मधून २ वजा केले, दुसऱ्याने मिळवले. आता ‘सरांनी वजा करायला सांगितलं होतं’ हा पुरावा होत नाही. पुरावा ऊर्जेच्या हिशेबातून मिळतो. सेल सेकंदाला १२ गुणिले २, म्हणजे २४ ज्यूल (२४ वॅट) पुरवतो. ५ ओहममध्ये २० वॅट खर्च होतात आणि सेलच्या आत ४ वॅट. बेरीज २४. बाहेरच्या रोधावर २० वॅट आणि २ अँपिअर, म्हणजे १० व्होल्ट. १४ व्होल्ट खरे असते, तर बाहेर २८ वॅट खर्च झाले असते, म्हणजे सेल देतो त्यापेक्षा जास्त. टोकांवर १४ व्होल्ट तेव्हाच येतील जेव्हा हाच सेल बाहेरून २ अँपिअरने चार्ज केला जात असेल. चौदावाल्याची चूक नेमकी कोठे आहे हेही त्यातून कळते: त्याला सूत्र येते, पण प्रवाहाची दिशा पाहण्याची सवय नाही.

प्रत्येक मतभेदाला असाच दुसऱ्या बाजूने येणारा पुरावा शोधावा. गतीच्या समीकरणांनी सोडवलेले ऊर्जेने तपासावे, संवेगाने सोडवलेले बलाने तपासावे. दुसरी रीत सुचत नसेल तर मिती तपासाव्यात, आणि त्या जुळल्या तर टोकाची स्थिती पाहावी. कप्पीवरून टांगलेल्या दोन वस्तुमानांचे त्वरण विचारले आहे आणि दोघांची सूत्रे वेगळी आहेत, तर दोन्ही वस्तुमाने समान करून पाहावीत. ज्या सूत्राने त्वरण शून्य येते ते टिकेल. ज्यात छेद शून्य होतो ते तेथेच बाद होईल. आकड्याचा आवाकाही पाहावा: फेकलेल्या चेंडूचा वेग सेकंदाला तीन हजार मीटर आला असेल, तर त्यावर चर्चेची गरज नाही.

बहुमताबद्दल सावध

एकाच क्लासला जाणाऱ्या चौघांची चार मते धरू नयेत, ते एकच मत असते. त्यांनी एकाच फळ्यावरून एकच शॉर्टकट उतरवून घेतलेला असतो. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे कपॅसिटरमध्ये डायइलेक्ट्रिक घालण्याचा प्रश्न. डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४ आहे आणि साठलेली ऊर्जा सुरुवातीला ८ मायक्रोज्यूल आहे. बॅटरी जोडलेलीच असेल तर विभवांतर कायम राहते आणि ऊर्जा चौपट, म्हणजे ३२ होते. बॅटरी आधी काढून घेतली असेल तर प्रभार कायम राहतो आणि ऊर्जा एक चतुर्थांश, म्हणजे २ होते. ‘के पट’ (के म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक) एवढेच पाठ असलेले चौघे ३२ वर ठाम राहतात आणि प्रश्नातील ‘बॅटरी काढून टाकल्यावर’ हे शब्द वाचलेली एकटी मुलगी २ घेऊन गप्प बसते. म्हणून बैठकीत नियम ठेवावा की ज्याचे उत्तर एकटे पडले आहे त्याने आधी बोलावे, आणि त्याला ‘तू चुकलास’ म्हणण्याऐवजी ‘प्रश्नातल्या कोणत्या शब्दावरून?’ असे विचारावे. तरीही अडले तर शाळेतील सर-मॅडम किंवा होळकर सायन्स कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारा ओळखीतील एखादा दादा, एखादी ताई यांना विचारावे. त्यांच्यापुढे फक्त प्रश्न ठेवावा, आपली उत्तरे आधी सांगू नयेत.

गुणांचा अंदाज

‘किती पडतील?’ हा प्रश्न आई-बाबा संध्याकाळपर्यंत विचारणारच, आणि त्याला एक आकडा सांगण्याऐवजी दोन आकडे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते. पूर्ण खात्रीचे आणि तपासणीत टिकलेले प्रश्न मोजून खालचा आकडा काढावा, त्यात अर्ध्या खात्रीचे मिळवून वरचा. अंदाजाने लिहिलेले कोठेच धरू नयेत.

बोर्डाच्या ७० गुणांच्या लेखी पेपरमध्ये अंतिम उत्तर चुकले म्हणजे सगळे गुण गेले, असे होत नाही. सूत्र, किमती घालणे आणि उत्तर यांना स्वतंत्र गुण असतात, आणि सीबीएसईच्या परीक्षकांना दिलेल्या सूचनांनुसार एकाच चुकीच्या पुढे होत गेलेल्या परिणामांसाठी पुन्हा पुन्हा गुण कापायचे नसतात. पहिल्या पायरीत आकडा चुकला आणि पुढची रीत शुद्ध असेल, तर पाच गुणांच्या प्रश्नात बरेच काही हाती राहते. एक गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नांना तेथे ऋण गुणही नाहीत. जेईई मेन आणि नीटमध्ये मात्र बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला उणे १, म्हणजे बरोबर समजलेले एक उत्तर चुकीचे निघाले की अंदाज पाच गुणांनी घसरतो. जेईईच्या वेगवेगळ्या पाळ्यांतील मित्रांनी आपले कच्चे गुण एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण निकाल पाळीनिहाय पर्सेंटाइलवर (आपल्याइतके किंवा कमी गुण असलेल्यांच्या टक्केवारीवर) लागतो.

अधिकृत उत्तरसूची आली की

क्लासच्या उत्तरसूच्या त्याच संध्याकाळी फिरू लागतात आणि अवघड प्रश्नांवर त्या एकमेकींशी भांडतात. त्यांचा उपयोग मतभेदाचे प्रश्न हुडकण्यापुरता करावा. जेईई आणि नीटची तात्पुरती अधिकृत उत्तरसूची आल्यावर तिला आव्हान देता येते. अलीकडच्या वर्षांत त्याचे शुल्क प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये राहिले असून मुदत थोड्याच दिवसांची असते. आपल्या बैठकीतील कागद येथे कामाला येतो: प्रश्नाचा क्रमांक, पूर्ण रीत आणि एनसीईआरटीच्या पुस्तकातील संबंधित पान.

अशा वादाचे वजन किती असू शकते, हे नीट २०२४ च्या भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाने दाखवून दिले. अणूंविषयीची दोन विधाने दिली होती. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असे त्यांतील दुसरे विधान म्हणत होते. जुन्या पाठ्यपुस्तकाच्या आधाराने ते बरोबर ठरवणाऱ्यांनाही गुण देण्यात आले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या सांगण्यावरून आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी चौथा पर्याय, म्हणजे पहिले विधान बरोबर आणि दुसरे चूक, हाच एकमेव योग्य ठरवला. जुलै २०२४ मध्ये निकाल सुधारला गेला आणि ७२० पैकी ७२० गुण असलेल्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली. किरणोत्सारी मूलद्रव्ये आठवणाऱ्या कोणालाही दुसरे विधान खटकायला हवे होते. जुने पुस्तक मोठ्या भावाचे म्हणून वापरण्याची पद्धत आपल्या घरांत आहेच, ती सोडण्याचे कारण नाही, पण वादाच्या प्रश्नावर चालू आवृत्तीच उघडावी.

बोर्डाच्या निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ती मागवण्याचा विचार असेल तर पेपरच्या दिवशी लिहिलेला तो कागद जपून ठेवावा आणि छायाप्रत आल्यावर पायरीपायरीने त्याच्याशी ताडून पाहावे. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करण्यापूर्वी, गुण न मिळालेली पायरी आपण खरोखर लिहिली होती की ती केवळ डोक्यात होती, हे त्यावरून समजते.

राहिली चुकांची वही. बैठकीत चुकलेला प्रत्येक प्रश्न त्याच दिवशी तीनपैकी एका कारणाखाली नोंदवावा: संकल्पना कळली नव्हती, प्रश्न नीट वाचला नव्हता किंवा गणित चुकले. संकल्पनेच्या चुकांसाठी त्या प्रकरणातील सोडवलेली उदाहरणे पुन्हा करावीत, आणि वाचनाच्या चुकांसाठी पुढच्या चाचणीत प्रश्नातील अटींखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची सवय लावावी. गणिताच्या चुका बहुतेकांना किरकोळ वाटतात. जानेवारीच्या जेईईनंतर ही वही भरली, तर कोणत्या रकान्यात जास्त नोंदी आहेत ते पाहून एप्रिलपर्यंतच्या आठवड्यांची वाटणी करता येते.